चांगुणेची इर्जिक

माले गावात भातलावणीच्या दिवसांत मजूर मिळत नसे आणि त्याची गरजही पडत नसे. ज्याचे खाचर तयार होई, तो घरोघर जाऊन इर्जिकीचे सांगणे करी. दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस त्याच्या चिखलात उतरे. मजुरी कुणी घेत नसे. दुपारी त्या घरी पोटभर जेवायचे आणि आपली पाळी आली की त्याला बोलवायचे, एवढाच करार. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडण्याची कुणाची छाती नव्हती.

बौद्धवस्तीतल्या चांगुणेला मात्र हा करार अर्धाच लागू होता. लग्न होऊन आल्यापासून बारा वर्षे ती साऱ्या गावाच्या इर्जिकीला गेली. तिचा हात झपझप चाले, रोपांची ओळ वाकडी होत नसे. तिला सांगणे आधी येई. जेवणाचे पान मात्र अंगणात, गोठ्याच्या बाजूला. तिच्या स्वतःच्या दीड एकरात वस्तीतली चार घरे तेवढी येत. गावाला तिने कधी बोलावलेच नव्हते, कारण येणे म्हणजे तिच्या घरी जेवणे.

१९७६ च्या आषाढात तिचा नवरा जयवंत बांधावरून घसरला आणि मोडका पाय घेऊन घरात पडला. वस्तीतली बहुतेक माणसे रस्त्याच्या कामावर गेलेली. रोपे लावणीच्या बाहेर चालली होती. आठ दिवसांत चिखलात गेली नाहीत तर सालभराचा भात हातचा जाणार होता.

"अर्धेलीनं दे कुणाला तरी, निम्मा भात त्याचा," जयवंत म्हणाला.

"न्हाई. मी सांगणं करणार."

"गावाला? येतील व्हय ती?"

"बारा वर्सं मी गेले. आता माझी पाळी हाय. मागाय न्हाई चालले मी, सांगाय चालले."

ती दारोदार गेली. कुणी हो म्हणाले, कुणी बघू म्हणाले. कुशाबा पडवीत पावसाचे इरले विणत बसला होता. तो म्हणाला, "येतो की. पर आमचा शिधा कोरडा दे. घरी शिजवून खाऊ."

ही पळवाट जुनीच होती. त्या वाटेने काम होई, आणि कुणाचे काही बिघडत नसे.

"शिधा न्हाई, दादा. भात आन् वालाचं कालवण. माझ्या दारात, एका रांगेत. ज्याला खायचं न्हाई त्यानं चिखलात उतरू नये."

"लई ताठ झालीस गं."

"लावणीला दिसभर वाकते की. तेवढं पुरं हाय."

बोलून ती घरी आली खरी, पण दुसऱ्या दिवशी पहाटे वीस माणसांचे तांदूळ निवडताना तिच्या मनात येत राहिले: अट घातली नसती तर निदान रान तरी लागले असते.

सर्वांत आधी धोंडाबाई आली, गावातल्या थोर घरची, डोक्यावर इरले घेऊन. मागोमाग तिचा नवरा कोंडाजी चिखलणीला बैल घेऊन उतरला. आणखी चौघे आले. कुशाबा आला नाही. दुपारपर्यंत निम्मे रान लागले.

जेवायला सगळे चांगुणेच्या दारात बसले. कोंडाजी तेवढा उंबराखाली बाजूला बसला आणि त्याने फडक्यातली भाकरी सोडली. रांगेतले हात थांबले.

चांगुणा भाताचे टोपले घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. हा माणूस उठून गेला तर बैलही जाणार होते, आणि निम्म्या रानाची चिखलणी अजून व्हायची होती.

"आबा, हे काय?"

"अगं, तुझ्या घरात दुखणं. उगं तुझ्यावर भार नको म्हणून आणली."

"मागल्या साली हैबतरावाच्या घरात बी दुखणं व्हतं. त्याच्या इर्जिकीला नेली व्हती का भाकरी?"

कोंडाजीने हातातल्या भाकरीकडे पाहिले. भल्या मनाने आपण काय करून बसलो, हे त्याला आता कुठे उमगत होते.

रांगेतून धोंडाबाई म्हणाली, "मी न्हाई बरं बांधून दिली. त्यांनीच चोरून आणलीया. आवो, ती भाकरी बैलास्नी घाला, ते बी राबल्यात. आन् हितं येऊन बसा."

कोंडाजी उठला, दोन्ही बैलांना भाकरी अर्धी-अर्धी चारली, हात धुतले आणि रांगेच्या शेवटी मांडी घातली. चार घास खाऊन म्हणाला, "मीठ कमी हाय गं."

सगळे हसले. चांगुणा मीठ आणायला आत गेली, आणि चुलीपाशी पदराने डोळे पुसून, थोड्या वेळाने बाहेर आली.

दिवस मावळताना रोपांची शेवटची मूठ लागली. चार दिवसांनी कोंडाजीकडे इर्जिक होती. धोंडाबाईने चांगुणेचे पान ओटीवर आपल्या शेजारी मांडले.

पुढे म्हातारपणीही चांगुणा त्या सहा जणांची नावे क्रमाने सांगे. "उपकार न्हाई, माझी पाळीच व्हती ती," ती म्हणे. "पर आधी कुणी आलं नव्हतं, आन् ती सहाजणं आली. हे मी इसरायची न्हाई."

त्या लावणीनंतर तिसऱ्या वर्षी कुशाबाही तिच्या इर्जिकीला आला. तिने त्याचे पान रांगेत मांडले आणि आधी त्याला वाढले.