सांडव्यावरचं गवत

खरं सांगायचं तर त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. तेव्हा अजून आमच्या भागाला म्हैसूर राज्य म्हणत. हुमनाबादला बसच्या पायरीवरून घसरून माझ्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर काढलं तेव्हा आतून तुरीच्या काडीसारखा वाळलेला पाय निघाला. बिदरच्या डॉक्टरांनी हातात काठी दिली आणि ही आता कायमची समजा, म्हणाले. मी शिकवत होते ती मराठी शाळा बसथांब्यापासून बरीच आत होती, शेतांच्या बांधांवरून जावं लागे. काठी टेकत रोज तिथे पोहोचणं शक्य नव्हतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं, नाही तर राजीनामा द्यायचा, एवढंच उरलं होतं. त्या शाळेवर माझा फार जीव होता. लहानपणापासून गाणगापूरच्या खेपा केलेली मी, घरातल्या दत्ताच्या तसबिरीकडे पाठ करून बसू लागले.

हे म्हणायचे, "पायाला जप. घरी बसून दोन घास मिळतेतच की." दोन घासांसाठी मी शाळेत जात नव्हते, पण ते त्यांना कोण समजावणार? सासूबाईंनी तर मला न विचारताच नवस बोलून टाकला. त्यांच्या माहेरी, भालकीकडच्या रानात एक तळं आहे. मधोमध खडकावर महादेवाची घुमटी, काठाने पळसाचं आणि सीताफळीचं बन, आणि त्या बनातून तळ्याला वळसा घालणारी पायवाट. सुनेचा पाय बरा कर, ती काठी ठेवून तुझ्या तळ्याला फेरी घालेल, असं त्यांनी महादेवाला कबूल केलं होतं. नवस बोलणार एक आणि फेडणार दुसरी! मी चिडले. मग मनाशी म्हटलं, बघूच. फेरी पुरी झाली तर शाळेत हजर होईन. नाही झाली तर राजीनामा देईन आणि देवाचं नाव काढणार नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी तळ्यावर गेलो. घाटाच्या पायऱ्यांवर सासूबाई नारळ आणि माझी काठी मांडीवर घेऊन बसल्या. मी निघाले. सुरुवातीची वाट सपाट होती, झाडांना धरत धरत गेले. पुढे चढ लागला, मुरमाड आणि निसरडा. तिथे मी चक्क बसून, हातांवर भार देत वर सरकले. मला बघायला नुसती वानरं होती. उतारावर मांडीतून कळ आली की पळसाला मिठी मारायची, ओठ चावायचे आणि पुढचं पाऊल टाकायचं. अर्ध्याहून जास्त वाट मागे पडली तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटू लागलं. होती नव्हती ती ताकद मी एका फेरीपुरती बेताने वापरत होते.

आणि सांडवा आला. तळ्याचं जादा पाणी इथून ओढ्याला जातं. पलीकडे थोड्याच अंतरावर घाट, सासूबाईंचं हिरवं लुगडं सुद्धा दिसत होतं. सांडव्याशी कुंकवाने माखलेला दगडी नंदी बघितला आणि मी जागीच थांबले. दत्ताच्या देवळात गोल फिरायची सवय माझी, महादेवाची फेरी वेगळी असते हे मी साफ विसरले होते. पिंडीचं पाणी जिथून वाहतं ते ओलांडायचं नसतं, तिथून माघारी फिरायचं. इथे तळ्याचा सांडवा म्हणजेच ते पाणी. सासूबाईंना वाटलं असणार, पुजाऱ्याची लेक, हिला काय सांगायचं! माझे वडील गावच्या महादेवाचे पुजारी. लहानपणी मी पन्हळ ओलांडायला गेले की ते परकराला धरून मागे ओढत. आता आलेली सगळी वाट उलटी चालायची होती, तो चढ, तो उतार. पायात तेवढं बळ उरलं नव्हतं. मी नंदीला टेकून बसले आणि मोठ्याने रडले. "एवढ्या थोडक्यासाठी अडवायचं होतं तर इथवर आणलंस कशाला?" असं घुमटीकडे बघून ओरडले सुद्धा. किती महिन्यांनी देवाशी बोलले, तेही भांडणच.

"कामून रडायलाव, अक्का?"

डोक्यावर हिरव्या गवताचा भारा घेतलेली एक बाई बनातून येत होती. मी तिला पायाचं सांगितलं, पाण्याचं काही बोललेच नाही. तिने ओढ्याकडे बघितलं. "चिखल लई हाय. घसरलाव तर दुसरा पाय बी जाईल," म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत तिने भारा ओढ्यात आडवा टाकला, वर पाय देऊन दाबला. पाणी गवताखाली गेलं. "या आता, पाय द्या."

वडिलांचं उरलेलं वाक्य तेव्हा आठवलं. मला मागे ओढून ते म्हणत, उघडं पाणी ओलांडू नये. त्यावर गवत, पानं, लाकूड काही झाकलेलं असलं तर ओलांडलं तरी दोष नाही. त्या बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला माझा पाय घसरू द्यायचा नव्हता, इतकंच. मी घुमटीला हात जोडले, गवतावर पाय ठेवला आणि पलीकडे गेले.

"तुझं गवत भिजलं गं," मी म्हटलं.

"भिजंना. म्हैस काय इचारणार हाय?" ती हसली आणि निथळणारा भारा डोक्यावर घेऊन निघाली. मी तिच्या मागोमाग घाटावर आले.

सासूबाई ताडकन उठल्या. "हिकडून कशी आलीस? वलांडलीस का काय?" मी सगळं सांगितलं. मग नारळ फोडायचा सोडून त्यांनी आधी त्या बाईच्या पायांना हात लावला. ती बिचारी लाजून "न्हाई न्हाई" करत मागे सरली. मी पायऱ्या चढून वर गेले, काठीला न शिवता. वर उभी राहून मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या, सासूबाईंनी सुद्धा पिटल्या.

सुट्टी संपली त्या दिवशी मी बांधावरून लंगडत शाळेत पोहोचले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. काठी परसात दोडक्याच्या वेलाला लावली. सांडव्यावर जे घडलं त्याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं, मी वाद घालत नाही. माझी ताकद मी नीट मोजून नेली होती, तरी ती सांडव्याशी संपली. पुढचं मला मागताही आलं नव्हतं. तेव्हापासून मी हातून होईल तेवढं चालते आणि बाकीचं त्याच्यावर टाकते.

दर दसऱ्याला आम्ही त्या तळ्यावर जातो. नारळ महादेवाला वाहतो, आणि गवताचा एक भारा तिच्या म्हशीपुढे टाकतो.