वाचनालयातला वाघ

आमच्या शिवारात वाघ आलाय, असा फोटो मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे ढकलला आणि निवांत चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला एकही बाई आली नाही. वावर फुटून पांढरं झालेलं, वर आभाळ भरून आलेलं, आणि मी घरात बसून वाघाला शिव्या देतोय.

ग्रुपवर आलेलं खरं की खोटं, हे तपासायला आमच्या वाचनालयात दर आठवड्याला बैठक असते; कापूस वेचणाऱ्या बायाही तिला येतात. त्या संध्याकाळी ग्रंथपाल बाईंनी माझाच फोटो पडद्यावर मोठा केला. मी हळूच चपला शोधू लागलो.

“भाऊ, बसा. चूक कोनाचीबी होते,” त्या म्हणाल्या. मग बायांकडे वळल्या, “वाघ राहू द्या, त्याच्या मांगं पाहा.”

बायांत कुजबुज झाली. “हे तं नारळाचं बन हाय. आपल्या बाभुळगावाकडं कुठी?”

मग तोच फोटो इंटरनेटवर कसा शोधायचा, ते बाईंनी दाखवलं आणि प्रत्येकीनं आपापल्या मोबाइलवर करून पाहिलं. तो जुना निघाला, दूरच्या राज्यातला. मला कुणी टोमणासुद्धा मारला नाही. एवढी शहाणी सभा मी आजवर पाहिली नव्हती.

“उद्या येतो वेचाले,” बाया निघताना म्हणाल्या.

घरी येऊन मी हे सगळं कौतुकानं सांगितलं. बायको म्हणाली, “वाघ नाही म्हन्ता ना? मंग उद्या तुमीबी ओटी बांधा.”