मावशीनं सही दिली नाही

माझी मावशी लोखंडी दारं, खिडक्यांच्या जाळ्या आणि जाडजूड कपाटं बनवते. तिच्या वर्कशॉपमध्ये शिरलं की आधी कानाला दडे बसतात आणि मग ती ओरडते, "दार लाव, ठिणग्या बाहेर जातायत." कुणी जाळीत वेलबुट्टी मागितली तर ती विचारते की नक्षी चोराला दाखवायची आहे का. आमच्या घराण्यात तिच्याशी वाद घालायची छाती एकट्या मामाची, कारण तो थोरला, आणि शिवाय बंदूकधारकांच्या संघटनेचा अध्यक्ष. अध्यक्षपद मिळाल्यापासून तो घरातही माइकसमोर उभा असल्यासारखा बोलायचा.

दोघांमध्ये पेटलं ते आजोबांच्या बंदुकीवरून. ती बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी असायची आणि कायम रिकामी असायची. घरातलं मूल सात वर्षांचं झालं की ती त्याच्या हातात द्यायची आणि फोटो काढायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. मुलानं कॅमेऱ्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा, आणि खट् आवाज आला की फोटो. मामाचा असा फोटो आहे, मावशीचा आहे, माझ्या आईचाही आहे. बंदुकीच्या आत डोकवायचं कुणाला कधी सुचलं नाही. आपली बंदूक रिकामी असते, हे सगळ्यांना स्वतःच्या आडनावासारखं पाठ होतं.

माझी पाळी येईपर्यंत ती पद्धत बंद पडली. का बंद पडली ते मी आता सांगते, पण मला स्वतःला खरी हकिगत या वर्षीच कळली, भरसभेत.

मावशीच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या ताईच्या वेळी कॅमेरा तिच्या वडलांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या हातात होता. त्या सुमारास गल्लीत घरफोड्या होत होत्या, म्हणून मामानं बंदूक भरून पुन्हा खुंट्यांवर ठेवली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि फोटोच्या दिवशी तो स्वतःच विसरला. त्यानंच ती खाली काढली, ताईच्या खांद्याला लावून दिली आणि म्हणाला, ओढ. काका जागच्या जागी गेले.

पोलीस येण्याआधी आजोबांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि काय सांगायचं ते ठरवून टाकलं. मोठ्यांची पाठ फिरली, मुलगी स्टुलावर चढली, तिनं बंदूक काढली, आत कधीची तरी एक गोळी राहून गेली असावी. एवढ्याशा पोरीला कुठला कायदा हात लावतो? मामाला मात्र तुरुंग दाखवला असता. मावशीच्या कपड्यांवरचं रक्तही वाळलं नव्हतं. आजोबांनी तिचे दोन्ही हात धरले आणि तिनं मान हलवली. पुढे चौकशी मिटली, बंदूक परत मिळाली, आणि आजोबांनी ती पुन्हा त्याच भिंतीवर चढवली. एवढा निगरगट्टपणा माणसाला कुठून येतो, मला माहीत नाही.

त्या घरात स्टूल कधी नव्हतंच. पण मोठ्यांनी इतक्यांदा सांगितलं की ताईला ते आठवायला लागलं. एकदा तिनं मला त्याचा रंगसुद्धा सांगितला होता. ताई शाळेत लहान मुलांना शिकवते. मुलांच्या हातात कात्री द्यायची वेळ आली की ती शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावते आणि आपण दाराबाहेर उभी राहते. बाकी ती हसते, चेष्टा करते, मला कपडे उसने देते. आजोळच्या उंबरठ्यावर मात्र तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

आजोबा गेल्यावर मामाला ती बंदूक आपल्या नावावर हवी होती. त्यासाठी सगळ्या वारसांची संमती लागते, आणि नाही मिळाली तर सरकार बंदूक जमा करून मोडीत काढतं. माझ्या आईनं चहा उकळेपर्यंत सही करून टाकली, तिला कटकट नको असते. मग तिला बरोबर घेऊन मामा वर्कशॉपमध्ये गेला. वडलांची आठवण, घराण्याची शान, असं बरंच काही तो बोलला. मावशी एका बिजागरीला ग्रीस लावत ऐकत होती.

"सही देते," ती म्हणाली. "नव्या कायद्यावर सुनावणी आहे ना, तिथे तू बोलणारच आहेस. तिथे उभा राहून सांग, बंदूक कुणी भरली होती."

मामानं आधी आवाज चढवला, मग उतरवला. परवाना जाईल, संघटना जाईल, मिटलेलं प्रकरण वर येईल. आणि हे सगळं करून मिळणार काय, गेलेला माणूस थोडाच परत येणार आहे?

"माझी मुलगी येईल," मावशी म्हणाली.

मामा विचार करतो म्हणून निघून गेला. तो खरंच विचार करेल असं मावशीला वाटलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. सख्खा भाऊ, तोही काकांवर जीव टाकणारा. म्हणून तिनं सुनावणीला ताईलाही बोलावलं, कारण न सांगता, आणि सोबत म्हणून मला.

सभागृह खचाखच भरलं होतं. बंदुका आणि गोळ्या वेगवेगळ्या कपाटांत कुलूपबंद ठेवायच्या आणि दरवर्षी तपासणी करून घ्यायची, असा तो नवा मसुदा. मामा फर्डा बोलला, हे मान्य करायला हवं. पोलीस चौकी लांब असलेल्या घरांनी करायचं काय? चोर दारात उभा असताना आम्ही किल्ल्या शोधत बसायचं? कायदा पाळणाऱ्यालाच वेसण घालणार, आणि चोरट्या बंदुका फिरतायत त्यांचं काय? एकट्या राहणाऱ्या एक आजी उठून म्हणाल्या की बंदूक उशाशी असते म्हणून मला झोप लागते. त्यांना हसणं मला जमलं नाही. मागून कुणीतरी मावशीकडे बोट दाखवून ओरडलं की या बाईला कपाटांच्या ऑर्डरी हव्यात. मावशी मागे वळली आणि म्हणाली, फुकट करून देते, माप घेऊन या.

मग कायद्याच्या बाजूनं आलेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मामाला विचारलं की तुमच्याच घरात माणूस गेला होता ना. मी मावशीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या काठावर आली होती. मामानं पाण्याचा घोट घेतला, खाली आमच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "ती एका लहान मुलीच्या हातून झालेली चूक होती. आम्ही तिला कधी दोष दिला नाही. पोरानं स्टूल घेतलं तर त्याला कायदा काय करणार?"

टाळ्या पडल्या. ताई मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

मावशी उठली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई म्हणाल्या की बोलणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नाही. नाही, म्हणून सांगत मावशी चालत पुढे गेली. माइक तिनं घेतला नाही. लोखंड कापायच्या ग्राइंडरच्या आवाजावर बोलून बोलून कमावलेला गळा आहे तिचा.

"स्टूल नव्हतं," ती म्हणाली. "बंदूक यानं भरली होती. यानंच काढून माझ्या मुलीच्या हातात दिली. स्टूल आम्ही सगळ्यांनी मिळून बनवलं, आणि मीही मान हलवली. तुम्ही कायदा करा नाहीतर करू नका. पण यापुढे कुणी म्हणायचं नाही की ते माझ्या मुलीनं केलं."

मामा खाली बसला. अधिकारी बाईंनी सावधपणे बजावलं की हे नोंदलं जातंय, जुनं प्रकरण उघडू शकतं, आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका तुमच्यावरही येऊ शकतो.

"उघडा," मावशी म्हणाली. "माझं नाव पहिलं लिहा."

ती परत वळली तेव्हा ताईची खुर्ची रिकामी होती.

यानंतर ताई मावशीशी बोलेनाशी झाली. मामाला ती एका वाक्यात सोडून मोकळी झाली, तो भित्रा आहे म्हणाली. राग होता तो आईवर. "तिला माहीत होतं," एवढंच ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. "रोज रात्री मला थोपटायची, आणि तिला माहीत होतं." मावशीला पोलिसांचं बोलावणं आलं, ती गेली, जे खरं ते लिहून दिलं आणि परत येऊन कामाला लागली. मामानं अध्यक्षपद सोडलं आणि सगळ्यांना सांगितलं की बहिणीनं घर धुळीला मिळवलं. मावशीच्या वर्कशॉपच्या दारावर कुणीतरी रात्रीत काळा रंग फासला. तिनं तो तसाच राहू दिला. म्हणाली, माझंच दार आहे, रंगाला भीत नाही.

सही तिनं दिली नाहीच. बंदूक जमा झाली. पण पोलिसांकडून उत्तर आलं की कापायचं यंत्र बिघडलंय, तोवर ती कोठारात पडून राहील. मावशीनं आपला ग्राइंडर उचलला, मला गाडी काढायला लावली आणि थेट पोलिसांच्या आवारात जाऊन उभी राहिली. साहेबांनी नियम काढले, तिनं त्यातलाच एक नियम पुढे केला की साक्षीदारांसमोर बाहेरचा कारागीर चालतो. दुपारपर्यंत ते कंटाळले.

हवालदारानं बंदूक आणून लोखंडी मेजावर शिकंज्यात आवळली. मावशीनं वायर जोडली. तेवढ्यात फाटकातून ताई आत आली. तिला मी कळवलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. ती मेजापाशी आली आणि बंदुकीकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात मेजावर ठेवले.

मावशीनं खाली मान घालून विचारलं, "मला माफ केलंस?"

"नाही," ताई म्हणाली. "मशीन इकडे दे."

मावशीनं डोळ्यांवरचा चष्मा काढून तिला चढवला, बटण कुठे आहे ते दाखवलं आणि बाजूला झाली.