ड्वेनचे गोल कोपरे

ड्वेन हेसे जन्मभर कामावर बसला आणि काम सोडून बाकी सगळं करत राहिला. अमेरिकेत लेक मिशिगनच्या काठी तो ज्यात कामाला होता तो कारखाना होता, पोस्टरांसाठी लाकडी अक्षरं बनवणारा. मेपलच्या ठोकळ्यावर अक्षर यंत्र कोरायचं. पण फिरतं पातं आतल्या कोपऱ्यात शिरत नाही, तिथं गोलाई राहते. ती सुरीनं काढून कोपरा टोकदार करायचा, एवढंच ड्वेनचं काम. शेजारच्या बाकावर आर्डिस कोलार तेच काम करायची.

सगळ्यांत छळवादी अक्षरवळण ‘डचेस’. गेल्याच्या गेल्या शतकात सर्कशींच्या जाहिरातींसाठी काढलेलं, वेलबुट्टीनं लगडलेलं, कोपरेच कोपरे. पुढं कुणी विचारेना. मग काऊबॉय सिनेमांच्या दिवसांत बिअरवाल्यांनी ते पुन्हा मागवलं, आणि ही दोघं त्याच लाटेत कामाला लागली. आर्डिसला हे नटवं अक्षर कधीच आवडलं नाही. तरी तिनं कोपरा एकही सोडला नाही. ड्वेन सोडायचा, आणि सिगारेट ओढायला जायचा.

कारखाना कधीच बंद पडला. तिथं आता संग्रहालय आहे. केंड्रा नावाची मुलगी डचेस कॉम्प्युटरसाठी नव्यानं काढत होती. आर्डिसच्या हातचे संच छापखान्यांनी वापरून झिजवले होते. अख्खा राहिला होता तो ड्वेनचा, गिऱ्हाइकानं परत पाठवलेला. केंड्रानं तोच गोल कोपऱ्यांसकट उतरवला आणि त्याला नाव दिलं ‘हेसे’.

सोमवारी ते विक्रीला जाणार होतं. त्याआधी कोपरे नीट व्हावेत म्हणून आर्डिसनं शुक्रवारच्या फिश फ्रायला, तळलेल्या माशांच्या जेवणाच्या टेबलावर, दोघांनाही गाठलं.

“सांग हिला, ते कोपरे गोल का राहिले,” ती ड्वेनला म्हणाली.

“काय सांगू? डोळ्याला मऊ वाटावं म्हणून मी मुद्दाम ठेवले ते.”

“मुद्दाम तू फक्त जेवणाची सुट्टी घेतलीस.”

“जळतेस तू, आर्डिस.”

“कशावर? परत आलेल्या मालावर?”

केंड्रा हसली नाही. “मला माहीत आहे, आर्डिस. ते अर्धवट आहेत हे लाकडावर दिसतंच. मी टोकदार कोपरेही करून पाहिले. लोकांना गोल आवडतात.”

“लोकांना?”

“आइस्क्रीमवाले, कॅफेवाले. दोन्ही दाखवले, सगळ्यांनी गोल उचलले.” मग ती आर्डिसला म्हणाली, “तुमचंही नाव घालू या का? ‘हेसे-कोलार’? काम दोघांचंच होतं.”

ड्वेननं मान डोलावली. उदार माणूस. मासा त्यानं खाली ठेवला नव्हता.

“खबरदार,” आर्डिस म्हणाली. “त्या कोपऱ्यांवर माझं नाव दिसता कामा नये.”

“मग फक्त ‘हेसे’च राहू दे?”

“राहू दे. शोभतं.”

ड्वेनला ती शाबासकी वाटली. त्यानं आपला ग्लास उचलून तिच्यासमोर धरला. आर्डिसनं आपला जागचा हलवला नाही.