बी नंबरचं कालवण

“बीला ठसका हाय,” चेअरमन आप्पा कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले. “ए म्हंजी आपलं रोजचं. बी तोंडात टाकलं की कळतंय, काहीतरी येगळं हाय.”

केतन सरांनी मला लांबूनच अंगठा दाखवला. ते मसाला कंपनीचे ब्रँड मॅनेजर, पुण्याहून खास आलेले. आप्पा गावच्या सोसायटीचे चेअरमन, त्यामुळं त्यांच्या शब्दाला वजन. असा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ग्राहकानं आपण होऊन केलेली तारीफ, मिळायला कधी कधी अख्खा दिवस जातो. निमोणे गावात आम्हाला तो पहिल्या रांगेतच मिळाला.

मी दौंडला राहतो. माझं काम अ‍ॅक्टिव्हेशनचं. टीव्हीवरची जाहिरात माणूस बघतो आणि विसरतो. अ‍ॅक्टिव्हेशनवाला गावात टेम्पो घेऊन जातो, माल माणसाच्या तोंडात घालतो आणि तो खाताना त्याचा व्हिडिओ काढतो. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हळदीकुंकवाच्या वाणात शाम्पूच्या पुड्या आल्या, बारशाच्या पिशवीवर बिस्किटाचं नाव आलं, त्यात थोडा हात माझाही आहे. अभिमानानं सांगत नाही. पण आता लपवतही नाही.

निमोण्यात आमचं पाकीट खपत नव्हतं. कारण एकच, कौसामावशींचा डंक. डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं मशीन. उन्हाळा लागला की आसपासच्या गावांतल्या बायका मिरच्या वाळवून, खडा मसाला भाजून मावशींच्या दारात रांग लावत. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्या मावशींचाच तयार काळा मसाला नेत. मावशींचं वर्षाचं घर त्या एका हंगामावर चालायचं.

कंपनीला तिथं ब्लाइंड टेस्ट हवी होती. दोन कप, ए आणि बी. एकात घरचा मसाला, दुसऱ्यात आमचा. कशात काय ते लोकांना सांगायचं नाही. जो आवडला तो रिकामा कप त्याच्या क्रेटमध्ये टाकायचा.

या टेस्टचं एक गुपित सांगतो. ती आंधळी असते फक्त गावासाठी. एचा कप साधा पांढरा. बीचा लाल, वर सोनेरी काठ. ए देणारी मुलगी नुसता कप देते, बी देणारी हसून देते. आणि एच्या पातेल्यात मीठ कमी, तेल हात आखडून. आमच्यात त्याला ‘बेस खाली ठेवणं’ म्हणतात. ऐकायला तांत्रिक वाटतं. असतं अळणी कालवण.

स्वयंपाक मावशींकडून करून घ्यायची कल्पना माझीच. हरणारा समोर दिसला की जिंकणारा मोठा दिसतो, हे धंद्यात मी लवकर शिकलो. मावशी तयार होणार नाहीत असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “करा की. माझ्याच दारात करा. माझ्या मसाल्याला कुणाचं भ्या हाय?”

सकाळी चुली पेटल्यावर मी त्यांना म्हणालो, “मावशी, एमध्ये तुमचा मसाला, बीमध्ये आमचा. आणि एला मीठ जरा बेतानं.”

“बेतानं म्हंजी?”

“थोडं कमीच.”

“का बरं?”

“कॅमेऱ्यात रंग नीट येतो.”

मीठ आणि रंग यांचा काय संबंध, हे मलाही सांगता आलं नसतं. मावशींनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “बरं.”

रांग लागली. लाल क्रेट भरत चालला, पांढऱ्याचा तळ दिसत होता. ज्या बायका वर्षानुवर्षं मावशींकडून मसाला नेत होत्या, त्याही लाल कप टाकून पुढं जात होत्या. एकीनं तर विचारलं, “ह्यो कप घरी न्हेला तर चालंल का?”

अडले फक्त धुळाआबा. आयुष्य मेंढरांमागं काढलेलं, आता पोरांची शेती बघतात. दोन्ही कप संपवून उभेच.

“आबा, कोणतं आवडलं?” आमच्या कप वाटणाऱ्या स्नेहलनं विचारलं.

“दोन्ही एकच हाय.”

“तसं नाही आबा. एकच सांगायचं असतं.”

“अगं, एकच सांगतोय की.”

ती माझ्याकडं बघायला लागली. “बाद धर,” मी म्हणालो.

बीचं पातेलं संपत आलं म्हणून मी मागं चुलीकडं गेलो. तिथं डंकाच्या कडेला सुपात आमची पाकिटं रचून ठेवलेली. सगळी. एकही फोडलेलं नाही.

“मावशी, ही पाकिटं?”

“तुमचीच हायती. जाताना न्या.”

“मग बीमध्ये काय घातलं?”

“माझाच मसाला.” त्या शांतपणे पळी धूत होत्या. “माझ्या दारात चार माणसं बोलवायची आन् त्यांस्नी अळणी वाढायचं? मला न्हाई जमत. मग म्हणलं, दोन कालवणं तरी कशाला? एकच केलं आन् दोन पातेल्यांत वतलं. म्हणलं, समदी म्हणत्याल दोन्ही सारखंच. तुम्ही डोकं खाजवाल आन् घरला जाल.”

मला हसू यायला हवं होतं. पण मावशी हसत नव्हत्या. त्या बाहेरच्या लाल क्रेटकडं बघत होत्या.

“तर ह्ये असं. माझ्या मसाल्याला माझ्याच मसाल्यानं पाडलं. आता ह्ये फोनवर समदीकडं दिसंल, न्हाई का? वडगाव रासाईच्या बायका मिरच्या घिऊन येत्यात माझ्याकडं. त्या कशाला येतील आता?”

“तुम्ही बाहेर येऊन खरं सांगून टाका.”

“मी बोलले तर म्हणत्याल, हरली म्हणून बोलती. आन् तुमचं काय? त्यो सायेब तुम्हाला ठेवंल का?”

स्वतःचा हंगाम हातचा चाललेला आणि ही बाई माझ्या कामाची काळजी करत होती. सकाळी मिठाचं खोटं मी त्यांनाच सांगितलं होतं.

बाहेर केतन सर हाक मारत होते. “क्लोजिंग घेऊन टाका.” क्लोजिंग म्हणजे माइकवर विजेता जाहीर करायचा, टाळ्या घ्यायच्या, पाकिटं वाटायची. हे मी झोपेतही करू शकतो. एरवी मी कमी बोलणारा माणूस. घरीही माझं बोलणं मोजकंच असतं. फक्त माइक हातात आला की तोंड सुटतं. त्या दिवशी माइक हातात आला आणि तोंड बंद झालं.

“बोला ना,” केतन सर म्हणाले.

मग मी बोललो. “मंडळी, ए आणि बी एकच आहे. दोन्हींत मावशींचाच मसाला. आमचं पाकीट फोडलेलंच नाही. मी मावशींना एमध्ये मीठ कमी घालायला सांगितलं होतं. सगळ्या गावांत सांगतो. मावशींनी ऐकलं नाही.”

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मागून धुळाआबांचा आवाज आला.

“आन् मला बाद केला व्हता यांनी.”

तिथून जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही.

“आबा, तुमच्या एकट्याच्या बरं ध्यानात आलं,” कुणीतरी म्हणालं.

“कसलं ध्यानात. तंबाखूनं जीभ गेलीया. मला समदंच एक लागतंय.”

मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. “काय चेअरमन, ठसका कुठं गेला?”

आप्पांनी लाल कपात वाकून बघितलं. गावात इतकी वर्षं निवडून येणारा माणूस तो. “हाय की,” ते म्हणाले. “ठसका हायच. तुमचाच हाय, एवढंच.”

केतन सरांनी मला टेम्पोमागं नेलं. “तुम्ही काय केलंत हे?”

“खरं सांगितलं, सर.”

“ते ब्रीफमध्ये नव्हतं.”

कंपनीनं दिलेल्या सूचनांत ते नव्हतं, हे खरंच होतं. मी मान हलवली. केतन सर माझ्याहून बरेच लहान, मुलगा वाईट नव्हता. दुपार टळली होती आणि भूक त्यालाही लागली होती. मावशींनी सगळ्यांसाठी बाजरीच्या भाकरी टाकल्या, त्यालाही ताट दिलं. “सायेब, कुठल्या पातेल्यातलं वाढू?”

“बी,” तो म्हणाला. मग स्वतःच हसायला लागला. पहिल्यांदाच तो मला त्याच्या वयाचा दिसला.

त्या कंपनीनं मला पुन्हा काम दिलं नाही. दुसऱ्या कंपन्यांची कामं मिळतात. बेस खाली ठेवायचा असेल तर मी नाही म्हणतो. काहीजण दुसरा माणूस बघतात, काहीजण नाइलाजानं तयार होतात.

मावशींनी मात्र उरलेले लाल कप ठेवून घेतले, आणि आमचा बी लिहिलेला बोर्डही. तो आता डंकावर टांगलाय. गेल्या उन्हाळ्यात मी सहज डोकावलो तर रांग रस्त्यापर्यंत आलेली. वडगाव रासाईहून आलेली एक बाई म्हणत होती, “आमाला बी नंबरचा द्या. साधा नगं.”

मी मावशींना बाजूला घेऊन विचारलं, “मसाल्यात काही बदल केलाय?”

“कशापायी? त्योच हाय.”

“मग साधा कोणता?”

“साधा ठेवलाच न्हाई. कुणी मागतच न्हाई.” आणि मला कपात चहा दिला. लाल कपात.

जाहिरात माणसाच्या घरात कुठून शिरते हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मला वाटायचं ती आम्ही टेम्पोतून नेतो. आम्ही नुसता कप नेतो. बाकीचं माणूस स्वतः घालतो.

दौंडला माझ्या बायकोला मी हे सगळं सांगितलंय, मिठासकट. तरी मी शिरूरकडं निघालो की ती बजावते, येताना बी नंबरचाच आणा. मी आणतो. आणि खरं सांगायला बसलोच आहे तर हेही सांगून टाकतो. बी जरा चांगला लागतो.