मॅडमची नसलेली दाढ

अमावस्येला चौकात उतरवून टाकलेलं लिंबू घरी आणून त्याचं सरबत प्यालेला माणूस मी आहे. (नंतर जुलाब झाले, पण त्याला नळाचं पाणी जबाबदार होतं असं माझं आजही ठाम मत आहे.) तेव्हा माझा अनुभव वाचताना एवढं लक्षात ठेवा — मला पांढऱ्या साडीतल्या बाया कधी दिसल्या नाहीत. या गोष्टीतली बाई तर चक्क मोरपंखी काठपदरात होती, आणि तिनं मला वाचवलं.

मी सोलापूरचा. लग्न, सत्कार, बारसं... कुठंही माइक द्या, सूत्रसंचालन करतो. म्हणजे पोट तोंडावरच चालतं. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "हल्लीच्या माणसांना कडक भाकरी चावत न्हाई." झालं! मी माइकवरच आव्हान घेतलं. कडक भाकरी आम्ही आमटीत चुरून खातो. तिचे तुकडे एकावर एक रचून कोरडेच दाढेखाली घेण्याचा गाढवपणा इथं लहान पोरंही करत नाहीत. मी केला. 'कट्' असा आवाज अख्ख्या मांडवानं ऐकला, टाळ्या पडल्या. भाकरी शाबूत होती.

उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी दाढ.

पुढं मी जे केलं ते डेंटल कॉलेजात 'असं करू नये' म्हणून शिकवायला हरकत नाही. लवंग कोंबली. बायकोच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या घेतल्या. गाल सुजला तसा तव्यावर टॉवेल गरम करून बाहेरून शेकत बसलो — आणि टॉवेल सोलापुरी, ऊब सोडतोय होय! बुधवारी सकाळी बघतो तर सूज हनुवटीखाली गळ्याकडं उतरलेली, तोंड उघडत नाही, आणि थुंकी गिळायची म्हणजे डोळ्यांत पाणी.

"बोला की आता, माइकवाले!" बायको, म्हणजे आमची सुनंदा, म्हणाली. ती अक्कलकोटकडची, चिडली की कानडीत शिरते. मी हातवारे करून 'उद्या बघू' म्हणायला लागलो तर "सुम्ने कूडरी!" — गप बसा — म्हणून तिनं मला रिक्षात कोंबलं.

आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात दातांची ओपीडी पूर्वी रोज असायची. आता निधी आटला, जागा भरल्या जात नाहीत. एकच मॅडम तीन दवाखाने सांभाळतात, आमच्याकडं मंगळवारी आणि शुक्रवारी. मंगळवारी मी कुठं होतो? एका सत्काराला. 'दोनच शब्द' बोलायला.

"आज मॅडमचा वार न्हाई, आन् त्या रजेवर बी हायत की ओ," तिथल्या मावशी म्हणाल्या. "परवा या."

खरं सांगतो, मला आनंद झाला. सुईची भीती! सुनंदा त्या मावशींशी वाद घालत होती तोवर मी सटकलो, पायऱ्या उतरलो... आणि खालून येणाऱ्या एका बाईंवर आदळलो. मोरपंखी साडी, गजरा, एक हात स्वतःच्या उजव्या गालावर दाबलेला. मला वाटलं, कुणी पेशंट असेल.

त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. "कुठं निघालात? जीभ वर उचला."

उचलेना.

"परत वर चला. आत्ता."

"मॅडम, तुमी?" मावशी उठल्याच. "बहिनीचा साकरपुडा हाय न्हवं माड्याला?"

"निघालेच होते गं. स्टँडवर दाढ अशी ठणकायला लागली की उभं राहवेना. म्हटलं आधी एक्स-रे काढावा. ते राहू दे, यांना खुर्चीत घे."

खुर्ची मागं जात नव्हती, वरचा दिवा लागत नव्हता, कॉम्प्रेसर कधीचा दुरुस्तीची वाट बघत पडलेला. सुनंदानं मोबाइलचा टॉर्च धरला. मॅडमनी पदर खोचला, हातमोजे चढवले. मध्येच डोळे मिटून दोन श्वास घ्यायच्या, कळ जिरवायच्या, की पुन्हा कामाला. हात मात्र एकदाही हलला नाही. सुई कधी टोचली ते मला कळलंसुद्धा नाही, आणि मी तर ओरडायची तयारी करून बसलो होतो.

"बाहेरून शेकलंत ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"शाब्बास. परवापर्यंत थांबला असतात तर श्वास अडकला असता."

बारीक चीर दिली, पू निघाला. (चव सांगत नाही, कुणी जेवत असेल.) आणि त्याच क्षणी मॅडम थबकल्या. मनगट गालाला लावून बघितलं.

"थांबलं."

"काय वो?" मावशी.

"माझं ठणकणं. एकदम... नळ बंद केल्यासारखं."

मावशींनी हट्टानं त्यांचा एक्स-रे काढायला लावला. मॅडमनी तो आम्हाला दाखवला तेव्हा त्या हसत नव्हत्या. उजवीकडं, खाली, शेवटून दुसऱ्या जागी दाढच नव्हती! नुसतं साफ हाड.

"कॉलेजात असताना काढलीय," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तर कुणा डॉक्टर मैत्रिणीकडं गेले नाही. काय सांगू, नसलेली दाढ दुखतेय?"

मावशींनी एक्स-रेलाच हात जोडले. मॅडमनी मात्र फोन लावून मोठ्या दवाखान्यात माझ्यासाठी खाट मिळवली, आणि रिक्षा हलेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. साखरपुडा चुकला तो चुकलाच.

आमचे शेजारी विज्ञानाचे सर आहेत. ते म्हणाले, काढलेल्या दाढेची शीर कधी कधी दुखते, त्यात काही विशेष नाही. बरं, मान्य. पण माझीच दाढ कशी? त्याच सकाळी कशी? आणि माझा पू निघताच बंद कशी? सर म्हणाले, "चहा घ्या."

सूज उतरल्यावर दाढ काढायला गेलो तेव्हा मी मॅडमना विचारलंच — ते पुन्हा कधी दुखलं का?

"नाही," त्या म्हणाल्या. हातातला चिमटा त्यांनी खाली ठेवला. "कुणाला सांगू नका, पण सुट्टीच्या दिवशी उठले की मी आधी तिथं जीभ लावून बघते. नाही दुखलं की बरं वाटतं... आणि मग वाटतं, कुणी येऊन परत गेलं असेल तर मला कळणार कसं?"

मी आ वासला आणि दाढ पुढं केली.