गच्चीची किल्ली आणि हललेले तारे

आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दिवसभर लोकांना लांबचं-जवळचं दाखवायचं आणि घरी आल्यावर नाकासमोरचा मिठाचा डबा सापडायचा नाही, असा हा माणूस. रात्री मात्र गच्चीवर दुर्बीण लावून तेजोमेघाचे फोटो काढतो. तेजोमेघ म्हणजे तिकडे लांब पसरलेला वायूचा ढग. डोळ्यांना तो दिसत नाही, फोटोतही धड येत नाही, नवऱ्याची झोप मात्र उडवतो.

आणि त्या दुर्बिणीपायी आमची अब्रू जायची वेळ आली. कुणीतरी आवई उठवली, की हा वर बसून लोकांच्या खिडक्यांत बघतो. माझा नवरा! मी केस अर्धे कापून आले तरी ज्याला चार दिवस पत्ता लागत नाही, तो लोकांच्या खिडक्यांत बघणार! माझं डोकंच फिरलं. पण इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष दारात येऊन म्हणाले, "रविवारच्या मीटिंगला फोटो दाखवा. नाहीतर गच्चीची किल्ली जमा करा."

दाखवायला एकही फोटो नव्हता. कारण ह्यांचा हट्ट. कॅमेऱ्यापुढे एक फिल्टर असतो. तो रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड अडवतो आणि ढगाचा तेवढा लाल उजेड आत सोडतो. उजेड कमी, म्हणून कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवायचा. कुठल्याशा शहाण्याने वीस मिनिटं लिहिलं होतं, म्हणून ह्यांची वीस मिनिटं. आणि प्रत्येक फोटोत तारे कसले, नुसती गांडुळं! दोष कुणाला? मला. मी म्हणे गच्चीवर पाय आपटत चालते. चहा द्यायला गेले होते हो मी!

शुक्रवारी मीच वर जाऊन गप्प बसले. थोड्या वेळात पायाखाली गुरगुर झाली, फरशी थरथरली. लिफ्टचं मशीन तिथेच, दुर्बिणीच्या मागच्या खोलीत.

"अहो, तुमचा पेशंट हलतोय," मी म्हटलं. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. "ज्याला श्वास रोखून धरता येत नाही, त्याला मी ताटकळत ठेवत नाही. एकेक मिनिटाचे भरपूर काढा, हललेले फेका, बाकीचे एकावर एक चढवा."

"एका मिनिटात काय येणार, कप्पाळ? कॅमेऱ्याची स्वतःची खरखर असते. एवढासा उजेड तिच्यात बुडून जातो. तिच्यावर डोकं निघेल इतका वेळ तरी हवा की नको?"

"मग डोकं निघालं की थांबा ना! अख्खा माणूस कशाला बाहेर ओढताय?"

हे कॅमेऱ्याकडे वळले. वळले म्हणजे पटलं. एक मिनिट, दोन, तीन असं करून बघितलं. पाच मिनिटांना आकाशाचा उजेड त्या खरखरीच्या जरासा वर आला. मग पाचच ठरलं. शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री काढले आणि हललेले सगळे बाजूला टाकून उरलेले एकावर एक चढवले.

रविवारी मीटिंगमध्ये प्रोजेक्टर लावला, भिंतीवर तो लाल ढग उमटला आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगंबाई, हे आपल्या डोक्यावर असतं?"

अध्यक्षांना ते काही पचेना. "एवढे काढता आणि निम्मे फेकता? का बरं?"

कुणीतरी कामाचं विचारलं म्हणून ह्यांना कोण आनंद! लगेच फेकलेले फोटो भिंतीवर. "प्रत्येकावर वेळ आहे बघा. लिफ्ट चालली की तारा हलतो, वर गेली की एकीकडे, खाली आली की दुसरीकडे. बारापर्यंत लोकांची ये-जा असतेच, पण त्यानंतरही दोन्ही रात्री दीडला लिफ्ट वर गेलीय आणि चारला खाली. तारा फार हललेला नाही, म्हणजे दोनच मजले चालली असेल. अजून आठवडाभर फोटो काढले तर कुठल्या मजल्यावरून कुठे, तेही सांगता येईल."

"नको!" अध्यक्ष जवळजवळ ओरडलेच. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने मान हळूच त्यांच्याकडे वळवली. पाचव्या मजल्यावरच्या बाईंना एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायचं होतं. अध्यक्ष राहतात तिसऱ्यावर.

"किल्ली तुमच्याकडेच राहू दे," अध्यक्ष म्हणाले आणि मीटिंग संपली.

तेव्हापासून रात्री बारानंतर आमच्या इमारतीत लिफ्ट हलत नाही. आता ह्यांचे दहा-दहा मिनिटांचे फोटो काढून होतात, एक तारा हलेल तर शपथ. परवा खुशीत मला म्हणाले, "लिफ्टच्या मशीनला कुणीतरी तेल घातलेलं दिसतंय."

"हो तर," मी म्हटलं, "तुम्हीच घातलंत."